दोन दिवस थांबलेला राब

दत्तूचं कार्ड आलं तेव्हा मी पापड लाटत होते. कार्डावर चारच ओळी. 'ताई, परीक्षा आठ दिवस पुढे गेली. इकडे राब भाजायला लागलेत. रात्री जरा बसून काढतो. काळजी करू नये.' काळजी करू नये म्हणे! आई गेली तेव्हा दत्तू सात वर्षांचा होता. त्याचा दमा माझ्या मांडीवर वाढलाय. त्याने 'जरा बसून' लिहिलं की त्याचा अर्थ मला बरोबर कळतो. मी लाटणं ठेवलं, हात धुतले आणि माळ्यावरची ट्रंक काढली. पापडाचं पीठ शेजारच्या काकूंनी लाटून संपवलं म्हणतात.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची, वैशाखातली ही गोष्ट. माझा धाकटा भाऊ तेव्हा मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत शाळामास्तर होता आणि तिथला त्याचा पहिलाच उन्हाळा होता. राब म्हणजे नेमकं काय ते मला ठाऊक नव्हतं. पुण्यात आम्हाला भात दिसतो तो एकदम ताटातच. आमचे 'हे' म्हणाले की आधी शहापूरला उतर. वाडीवर बदली होण्याआधी दत्तू वर्षभर तिथे होता, तेव्हा ज्या डॉक्टरांनी त्याला तपासलं त्यांच्याकडून औषध घे आणि मग पुढे जा. मला तर थेट वाडीवर उडी मारायची होती, पण रिकाम्या हातांनी जाऊन तरी काय करणार होते? मी दत्तूला येत असल्याचं कार्ड टाकलं आणि दुसऱ्या दिवशी निघाले.

कल्याणला गाडी बदलली. टिटवाळा मागे पडलं तसा डब्यात जळक्या पाल्याचा वास यायला लागला. बाहेर पाहते तर डोंगर नाहीतच! वैशाखात धुकं कसलं, असं मी मोठ्यानेच म्हणाले असेन, कारण समोर करवंदांची पाटी घेऊन बसलेली बाई हसली आणि म्हणाली, "धुकं नाय गो बाय, राबाचा धूर हाय." मग तिनेच मला सगळं समजावून सांगितलं. शेताच्या ज्या कोपऱ्यात भाताचं रोप करायचं, तिथे आधी शेण पसरायचं, त्यावर टहाळ (झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या), त्यावर पातेरा (वाळका पाला) आणि गवत, आणि सगळ्यांवर बारीक मातीचा थर. मग पेटवायचं. जमीन तापते, तणाचं बी मरतं, आणि पाऊस लागायच्या बेताला त्या राखेत भात पेरतात. राब भाजला नाही तर रोप नाही, रोप नाही तर लावणी कसली करणार, असं तिचं म्हणणं. हा धूर कधीपर्यंत असतो म्हणून विचारलं, तर ती करवंदं निवडता निवडता शांतपणे म्हणाली, "मिरगापरत." मृग नक्षत्राला अजून महिना होता. तिने दिलेली करवंदं तशीच ओच्यात राहिली.

आसनगावला उतरले. समोर माहुलीचा गड दिसतो असं दत्तूने वर्षभर प्रत्येक पत्रात लिहिलं होतं. तिथे गड काय, टेकडीही दिसेना. टांगेवाल्याने तोंडाला पंचा गुंडाळला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऐनाची झाडं होती, पण सगळे हात छाटलेली. नुसता बुंधा आणि वर चार बोडक्या फांद्या. त्यांचा टहाळ शेतात जळत होता. शहापूरला पोचेपर्यंत माझ्याच छातीत खरखर सुरू झाली. मी तर धडधाकट बाई, मग दत्तूचं काय होत असेल, या विचाराने मला घोटभर पाणीसुद्धा गोड लागलं नाही.

डॉक्टर भला माणूस होता. त्यांनी एक टिनची डबी दिली. दम उठला की त्यातली चिमूटभर पूड बशीत पेटवायची आणि तिचा धूर हुंगायचा. धुरावर औषध म्हणून पुन्हा धूरच! मी डबीकडे आणि डॉक्टरांकडे आळीपाळीने पाहत राहिले. ते म्हणाले, "दुसरं माझ्याकडे काही नाही, बाई. एक मात्र सांगतो. दम लागलेला असताना त्याला बैलगाडीत घालू नका. दोन दिवस श्वास बसू द्या आणि मग हलवा." ते दोन दिवस मी पदराला गाठ मारून नेले. पुढे जे झालं ते त्या गाठीमुळेच झालं.

शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला भाड्याच्या बैलगाडीने गेले. मुक्काम किन्हवलीत, डॉक्टरांच्याच ओळखीच्या घरी. तिथे नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं जेवले. भाकरीला धुराचा वास, पाण्याला धुराचा वास, अंगावर घ्यायला दिलेल्या वाकळेलाही तोच. घरची माणसं मात्र आपली हसतखेळत होती, खोकत होती आणि पुन्हा हसत होती. कोणाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मलाच तेवढं वाटत होतं, म्हणून मला त्यांचा रागही येत होता.

मुरबाडला वाडीची गाडी घ्यायला आली होती. गाडीवान म्हणजे गोमा, ज्याच्या खोपीत दत्तू राहत होता तो शेतकरी. चाळिशीचा, काटक, कमी बोलणारा कुणबी. दत्तू कसा आहे म्हणून विचारलं तर म्हणाला, "गुरजी बरं हायती," आणि बैलांकडे पाहू लागला. बरा आहे असं सांगताना माणूस बैलांकडे का पाहतो? पुढचे सात-आठ तास मी हाच विचार करत बसले. वाटेने सगळी शेतं कोपऱ्याकोपऱ्यांत काळी पडली होती. सिद्धगड कुठे आहे ते गोमाने हात करून दाखवलं. तिथे राखाडी रंगाशिवाय काही नव्हतं.

दत्तू खोपीच्या दारात बसला होता. गुडघ्यांवर उशी, उशीवर कोपर, खांदे कानाशी आलेले. मला पाहून हसला आणि त्या हसण्यानेच त्याला ढास लागली. परीक्षा आदल्याच दिवशी पार पडली होती. या पोराने बसून-बसून, मधे थांबत थांबत सगळ्या मुलांची परीक्षा घेतली! मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं की आधी काय करावं ते कळेना. मी पूड पेटवली. अर्ध्या तासाने त्याचा श्वास थोडा मोकळा झाला आणि तो म्हणाला, "ताई, तुझ्या केसांनाही धुराचा वास येतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर वाडीतले सगळे राब भाजून झाले होते. दोनच राहिले होते, दोन्ही गोमाचे आणि दोन्ही खोपीला लागून. शेण, टहाळ, पातेरा, माती, सगळं रचून तयार. फक्त काडी लावायची. गोमाची आई, जिला सारी वाडी आये म्हणत होती, तिने मला सांगितलं की हे राब आठ दिवसांपूर्वीच पेटायचे होते. गुरजींची परीक्षा होऊ दे आणि ते पुण्याला जाऊ देत, म्हणून गोमा थांबला होता. पण आता आज-उद्या पेटवायला हवेत. तिने उपायही काढला होता. गुरजींना बाजेवर निजवून चौघांनी उचलायचं आणि दिवसभर ओढ्यापलीकडे वाऱ्याच्या अंगाला आंब्याखाली ठेवायचं. इकडे राब भाजून होईल, दुसऱ्या दिवशी परत आणायचं.

बाजेवर निजवून चौघांनी उचलायचं! आमच्या घरातून आई तशीच गेली होती. मी म्हटलं, नको, तसलं काही करायचं नाही. डॉक्टरांनी दोन दिवस सांगितलेत, तेवढे दोन दिवस राब राहू द्या. तिसऱ्या दिवशी आम्ही गाडीने निघतोच. गोमाने आईकडे पाहिलं. म्हातारीने कपाळावर हात धरून आभाळ पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"आमी थांबू, बाय," ती म्हणाली. "पन आभाळ थांबल का?"

आभाळात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. मी तसं बोलून दाखवलं. पुण्याची शहाणी ना मी! तुम्ही पाहुण्या, पहिल्यांदाच आमच्या दारी आलात, तुम्हाला नाही कसं म्हणायचं, एवढंच म्हातारी पुटपुटली आणि शेण थापायला गेली. हे सगळं दत्तूच्या मागे झालं. तो तेव्हा आत डोळे मिटून बसला होता आणि त्याला मी काही सांगितलं नाही.

पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पंखा घालता घालता माझा हात भरून आला, इतकं उकडत होतं. तीन वाजले असतील. सिद्धगडाच्या बाजूने एकाएकी थंड वारा सुटला, पाचोळा उडाला आणि वळवाची सर आली. तासभर नुसती झोडपत होती. सर थांबली तशी मी बाहेर आले. काय सांगू! धूर पार धुऊन गेला होता. समोर सिद्धगड उभा होता, त्याच्या कड्यावरची कपार न् कपार मोजून घ्यावी इतका जवळ. मागून दत्तू आला, भिंतीला न धरता आला. त्याने छाती भरून श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. किती दिवसांनी त्याचे खांदे जागेवर आले होते. मला देव पावल्यासारखं झालं आणि मी त्या सरीला हात जोडले.

हात जोडलेले असतानाच मला आये दिसली. ती राबात वाकून उभी होती. तिने मातीचा थर बाजूला केला, पातेरा उचलला, मुठीत दाबला. पाणी गळलं. दुसरीकडचा उचलला, तोही तसाच. गोमा बांधावर बसून होता. माझे जोडलेले हात कुठे ठेवावे ते मला कळेना.

दत्तूने विचारलं, "हा अजून भाजला नव्हता? का?" मग मला सांगावंच लागलं. तो ओरडला नाही. ओरडायला श्वास लागतो आणि तो त्याने सांभाळून ठेवला होता. तो हळू म्हणाला, "ताई, यातूनच गोमाचं वर्षाचं भात आहे." आणि खोपीत जाऊन बसला. त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ओला राब पेटत नाही, धुमसतो. तीन-तीन दिवस पांढरा जाड धूर देतो, माती तापतच नाही, आणि मग भाताआधी तणच वर येतं. शेण सुकेल, टहाळ सुकेल, पण पातेरा आणि गवत कुजणार. तेवढं तरी नवीन घालायला हवं. पण आता कोरडा पातेरा आणायचा कुठून? सगळ्या वाड्यांनी जवळचं रान झाडून आपापल्या राबात घातलं होतं. गोमाची बायको चंद्री आणि आणखी दोघी दुसऱ्या दिवशी पहाटेच सिद्धगडाच्या उतारावर निघाल्या. मीही कासोटा घालून त्यांच्या मागे गेले. नको, तुमाला नाय जमाचं, असं चंद्री म्हणाली, आणि खरंच मला जमलं नाही. त्या तिघींनी दाट झाडीखालून, खडकांच्या पोटातून कोरडा पाला शोधून मोठाले भारे बांधले. माझा भारा उतरताना दोनदा सुटला. पायात काटे गेले, एक वहाण तुटली. उतरताना चंद्रीने माझा भारा आपल्या भाऱ्यावर घेतला. संध्याकाळी सगळा पाला पसरला तर त्याने एक राबही धड झाकेना. आभाळात पुन्हा ढग जमत होते.

तेव्हा दत्तू बाहेर आला. त्याने गोमाला जवळ बोलावलं आणि वर बोट केलं.

"खोपीचं छप्पर काढा," तो म्हणाला. "वरचा हातभर ओला असेल. आतला पेंढा कोरडा आहे."

गोमा नाही म्हणाला. छप्पर पावसाआधी दरवर्षीच उतरवतात, जुना शाकार (छपराचा पेंढा) राबातच जातो. पण गुरजी आत राहतायत म्हणून त्याने यंदा त्यालाही हात लावला नव्हता. म्हणजे माझ्या भावासाठी ही माणसं आणखी काय काय थांबवून बसली होती, ते मला असं एकेक करून कळत होतं. मीही घाबरून म्हटलं, "अरे, छप्पर काढलं तर तू राहशील कुठे?"

"पुण्याला," दत्तू म्हणाला. "तू न्यायलाच आली आहेस ना?"

वर चढून गोमाने आणि शेजाऱ्यांनी पेंढा खाली टाकला. वर्षभराची धूळ आणि काजळी उडाली, म्हणून दत्तूला ओढ्यापलीकडे त्या आंब्याखाली नेलं. चालत जाणं त्याला झेपेना. शेवटी बाजेवरच निजवलं आणि चौघांनी उचललं. मी डोळे मिटून मागून चालले आणि रामरक्षा म्हणत राहिले. मधेच डोळे उघडून पाहिलं तर बाजेवर दत्तू कोपरावर टेकून चौघांशी गप्पा मारत होता आणि चौघे हसत होते. ज्या गोष्टीला मी इतकी भ्याले, ती एवढीच होती. दोन दिवसांपूर्वी मी हो म्हटलं असतं तर?

त्या रात्री आंब्याखालीच झोपलो. पहाटे निघायचं ठरलं. गाडी गोमाचा मेहुणा हाकणार होता, कारण गोमाला राब सोडून येता येत नव्हतं. आयेने सांगितलं की दिवस कलला की काडी लावू. तोवर तुमी टेकाडापल्याड जाल, गुरजींना धूर लागायचा नाय. निघताना मला तिची माफी मागायची होती. मी आये म्हणून हाक मारली. तिने माझ्या ओच्यात चार पिकले आंबे घातले आणि विचारलं, "बाय, तुमच्या आईनं कदी चूल पेटवायची सोडली व्हती का?"

नव्हती. दत्तू तान्हा असल्यापासून चुलीच्या धुराने घुसमटायचा, म्हणून चूल पेटली की मी त्याला काखेत मारून जिन्यात जाऊन बसायची. आत आई रांधायची, खोकायची, रांधायची. तिला कोणीही, कधीही म्हटलं नाही की दोन दिवस चूल राहू दे. हे म्हातारीला कसं कळलं कोण जाणे. मी मान हलवली आणि गाडीत बसले.

दुपारपर्यंत आम्ही बरंच अंतर तोडलं. दत्तू पेंढ्यावर टेकून होता. श्वास वाजत होता, पण चालू होता. मी एक कान त्याच्या छातीकडे आणि डोळे मागे लावून बसले होते. दिवस कलला. सिद्धगड स्वच्छ दिसत होता, त्याच्या पायथ्याशी काहीच नव्हतं. टेकाडावर मेहुण्याने बैल सोडले, पाणी पाजलं, तरी काही नाही. उत्तरेला काळं आभाळ चढत होतं. पेटलाच नाही की काय? ओल राहिली असेल? का ही सर पुन्हा त्यांच्यावरच गेली? आयुष्यात मी धुराला इतक्या शिव्या दिल्या असतील, आणि आता त्या टेकाडावर उभी राहून धूर दिसावा म्हणून देवाला नवस बोलत होते.

मग दिसला. पायथ्याशी पांढरा, जाड, जमिनीला चिकटून बसलेला धूर. माझा जीव भांड्यात पडला, पण मेहुण्याने मान हलवली. पांढरा म्हणजे ओला, तो म्हणाला, अजून नाय. आम्ही तिघेही तसेच उभे राहिलो. दत्तू गाडीतून उतरला, तोंडावर उपरणं धरून माझ्या शेजारी आला. किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू तो पांढरा लोट मोडला, पातळ झाला, उंच उठला आणि निळसर दिसायला लागला.

"निळा झाला," मेहुणा बैल जुंपायला वळत म्हणाला. "लागला राब."

दत्तूने उपरण्याआड हसून माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं नाही; मी मटकन गाडीच्या चाकाशी बसले आणि रडले.

पुण्याला आल्यावर दत्तू महिनाभरात सावरला आणि शाळा उघडायच्या वेळी, मी नको नको म्हणत असताना, परत गेला. आषाढात त्याचं पत्र आलं. गोमाचा मोठा राब चांगला उतरला होता, रोप हातभर वाढलं होतं. लहान राबाचा खोपीकडचा एक कोपरा मात्र ओलाच राहिला होता, जळला नव्हता. तिथे नुसतं तण माजलं आणि लावणीला एका भातखाचरापुरतं रोप कमी पडलं. ते खाचर यंदा मोकळंच आहे. 'त्या कोपऱ्याला वाडीत आता ताईंचा कोपरा म्हणतात,' असं त्याने लिहिलं होतं. 'रागाने नव्हे. नाव पडलं आहे इतकंच. आये तिथलं तण हाताने उपटते आणि तू कधी येणार म्हणून विचारते.'

ते पत्र मी कोणाला वाचून दाखवलं नाही. अजूनही संध्याकाळी आमच्या गल्लीत शेगड्या पेटल्या की मी खिडकी लावून घेते आणि दत्तू इथे असला तर त्याचा श्वास कान देऊन ऐकते. माझी भीती काही गेलेली नाही, जायचीही नाही. पण पुढल्या माघातच मी गोमाच्या नावाने कार्ड टाकलं. मीही चारच ओळी लिहिल्या. होळीनंतर मी येते. दम लागलाच तर दत्तूला बाजेवर घालून ओढ्यापलीकडे नेऊ, बाजेचा एक पाय मी धरीन. राब आमच्यासाठी ठेवू नका. आणि पहिली काडी ताईंच्या कोपऱ्याला लावा.